पाठीला पाठ लावलेली दोन टेबलं

बार बंद पडून वर्ष होत नाही तोच तो कलादालनात पुन्हा उभा राहिला. अगदी तस्साच! काउंटर तोच, तेलकट पंखा तोच, गिऱ्हाइकांची डोकी टेकून भिंतीवर पडलेले डागसुद्धा कापून आणलेले. मोरीचा नळ गळावा म्हणून तर खास प्लंबर बोलावला. हाच नळ गळायचा थांबावा म्हणून सरकारांनी एकोणीस वर्षं मालकाच्या विनवण्या केल्या होत्या, तेव्हा एक प्लंबर फिरकेल तर शपथ.

सरकार म्हणजे तिथले वेटर. मागितलेली वस्तू तासाभराने यायची, आणि तीही भलत्याच टेबलावर, म्हणून गिऱ्हाइकांनी हे नाव ठेवलं. माणूस मात्र लाखात एक. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाच्या पोटाला काय चालत नाही, सगळं तोंडपाठ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खोलीवर जायचं ते पाठ टेकायला. घर म्हणाल तर बारच. आता बारची ही कलाकृती उभारणाऱ्या कलाकार बाईंनी त्यांना माहितगार म्हणून नेमलं आणि गळ्यात बिल्ला अडकवला.

बाईंनी नेहमीच्या गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे पुतळे केले होते. ते पाहून सरकारांचं धाबंच दणाणलं. थोरले आणि धाकटे एकाच टेबलावर, तेही समोरासमोर!

हे दोघे सख्खे भाऊ. थोरले शिंपी, धाकटे चाव्या करून देणारे. वडील वारले, त्यांचा फोटो मोठा करून घेतला, तेव्हा थोरल्यांनी त्यांची पांढरी मिशी काळी करून आणली. "हे माझे वडीलच नव्हेत," म्हणत धाकट्यांनी घर सोडलं. तेव्हापासून अबोला. पण बार दोघांनी तोच धरला. रोज सहाच्या ठोक्याला यायचे, पाठीला पाठ लावून दोन टेबलांवर बसायचे आणि सरकारांमार्फत बोलायचे. डोक्यावर पंख्याची घरघर अशी, की पाठीमागचं अक्षर ऐकू येईल तर हराम. "सरकार, त्याला सांग, तू गाढव आहेस," असं थोरले म्हणायचे. सरकार वळून सांगायचे, "दादा विचारतात, गुडघा कसा आहे?"

अबोल्याच्या चौथ्या वर्षी एकदा थोरल्यांचा आवाज मऊ झाला. "त्याला सांग, झालं गेलं सोड. घरी ये."

सरकार वळले. दोन पावलांचं तर अंतर. पण तेवढ्यात मनात आलं, हे दोघे घरी जाऊन बसले तर आपल्याशी बोलायला कोण उरलं?

"दादा विचारतात, पंखा बंद करू का?"

"नको, उकडतंय."

सरकार परत वळले. "नको म्हणतात."

थोरल्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. सरकारांना मात्र सात वर्षं त्या दोन पावलांनी छळलं. बार बंद झाल्यावर भावांची गाठच पडत नव्हती, म्हणून जरा हायसं वाटत होतं. आणि आता उद्घाटनाला दोघांनाही आमंत्रण!

"बाई, एवढे दोन पुतळे पाठमोरे करा हो," सरकारांनी हात जोडले.

"छे! ते समोरासमोर आहेत, त्यातच या कलाकृतीचा प्राण आहे."

"माझा जातोय त्याचं काय?"

बाई ऐकेनात, तेव्हा सरकारांनी स्वतःच धाकट्यांचा पुतळा फिरवायला घेतला. रखवालदार ओरडत धावला आणि पुतळ्याचं नाक सरकारांच्या हातात राहिलं. बाईंनी डोकं तिरकं करून पाहिलं. "राहू दे. छान रिकामेपण आलंय," म्हणाल्या.

सकाळी अकराला उद्घाटन झालं. दोघे भाऊ आले, आपापल्या पुतळ्यापुढे उभे राहिले. मध्ये सरकार, भोवती पाहुणे. थोरले बराच वेळ पुतळ्यांकडे बघत होते. मग सवयीने म्हणाले, "सरकार, त्याला विचार, मी घरी बोलावलं तेव्हा नको का म्हणाला?"

इथला पंखा नुसता बघायचा होता, फिरायचा नव्हता. धाकट्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला.

"कधी बोलावलं? सरकार?"

गुडघ्याबिडघ्याचं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. पण नाही जमलं. "मीच सांगितलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही दोघे गेलात तर मी एकटा पडेन, म्हणून पंख्याचं विचारलं. चुकलो मी."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! पाहुण्यांना वाटलं, नाटक चाललंय. एकाने तर पुढचा प्रयोग किती वाजता, असंही विचारलं. सरकारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरले लालबुंद. "सात वर्षं! सात वर्षं फुकट घालवलीस रे, गद्ध्या!"

तेव्हा धाकटे वळले. सरकारांकडे नाही, सरळ भावाकडे.

"फुकट कशी, दादा? निरोप नाही मिळाला, तरी मी रोज आलोच की. मला काय दुसरा बार मिळाला नसता?"

अकरा वर्षांनी हे पहिलं बोलणं. थोरल्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांनी सरकारांची बाही घट्ट धरली.

"सरकार," ते कसेबसे म्हणाले, "याला सांग... मला बोलता येत नाहीये."

सरकार वळले. धाकटे हातभर अंतरावर उभे होते, सगळं ऐकून, डोळे भरून. तरी सरकारांनी एकही शब्द न गाळता निरोप पोचवला.

"दादा म्हणतात, त्यांना बोलता येत नाहीये."