शकूच्या कोयरीची हेल्प

अगं पोरींनो, या ग्रुपवर रोज भुतंखेतं वाचत बसता, पण "आक्का, तुला कधी काय दिसलं का" म्हणून एकीनं विचारलं नाही. असू दे. मीच सांगते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता... अजूनही नाही म्हणा.

मी वडगावची. मी आणि माझी धाकटी जाऊ शकू, दोघी हातमागावर बसतो. मोबाइलवर बघून बघून दोघी पायथन शिकलो, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. साडीच्या एकेका काठाचं एकेक फंक्शन, म्हणजे नाव दिलेला हुकमांचा गठ्ठा, लिहायचं, की नक्षी चौकटींच्या कागदावर निघते. फंक्शनच्या आत माहितीच्या चार ओळी लिहून ठेवल्या, तर पुढं कधीही काळ्या खिडकीत हेल्प आणि कंसात त्याचं नाव टाकलं की त्या समोर येतात. मी प्रत्येकात लिहिते. शकू एकातही नाही. म्हणते, "माझ्या डोक्यात हाय की सगळं, आक्का."

असणारच. सासूबाईंनी, शकू त्यांना आत्या म्हणायची, कोयरीचा काठ तिला एकटीलाच शिकवला. थोरली मी, आणि माझी कोयरी दरवेळी वळणावर मोडायची.

गेल्या श्रावणात, भर दुपारी, शकू बाजारात गेलती. लॅपटॉप आमच्या दोघींत एकच. मी तिची फाइल उघडली — हो, चोरूनच. आत नुसते आकडे, माहितीची एक ओळ नाही. तरी सवयीनं हेल्प टाकलं. नाव येऊन थांबायला हवं होतं... खाली ओळी आल्या.

"वळणावर दोन धागे सोड. हात हलका ठेव. थोरलीला सांगू नको, तिला लई घाई."

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांना लिहिता येत नव्हतं. लॅपटॉप तर आम्ही गेल्या वर्षी घेतला.

शकू आली, वाचलं, आणि हातातल्या पिशवीसकट खाली बसली.

"तू लिहिलंस?"

"न्हाय आक्का. शप्पथ."

"मग?"

"आत्या बोलल्या हुत्या असंच. मला एकटीला."

पुन्हा हेल्प टाकलं, तर फक्त नाव. तेव्हापासून फक्त नावच. बेंगळुरूला कंपनीत असलेल्या भाचीनं फाइल उलटीपालटी करून बघितली, तिलाही सांगता येईना.

मी दोन धागे सोडून बघितले. कोयरी वळली, अगदी सुरेख. आनंद व्हायचा सोडून मी माग थांबवून बसले... गेल्यावरसुद्धा बाई शकूशीच बोलल्या, आणि मी चोरून ऐकलं. तो काठ शकूला अजून दाखवलेला नाही.

तुमच्यात कुणाला यातलं कळत असेल, तर लवकर या गं एकदा. चहा ठेवते, काठ दाखवते. घराला दारं दोन, फक्त पहिल्या दारानं या. दुसरं शकूचं — तिथं गेलात, की ती बसवूनच घेते, माझ्यापर्यंत येऊच देत नाही.