तळघरातला अरबीचा वर्ग

कुवेतमधल्या फहाहीलच्या समुद्राकाठी फिरताना हे एकदम मटकन खाली बसले आणि मग आडवेच झाले. अंगाला दरदरून घाम, डोळे अर्धवट मिटलेले. बाकावरचे एक कुवेती आजोबा धावत आले आणि मला पुन्हा पुन्हा विचारू लागले, "सुक्कर? सुक्कर?"

मला वाटलं, साखर देऊ का, असं विचारताहेत. यांना मधुमेह. मी घाबरून ओरडले, "ला, ला!" नाही, नाही.

इथे मधुमेहालाही 'सुक्कर'च म्हणतात; ते विचारत होते, याला मधुमेह आहे का. अँब्युलन्समध्ये कळलं, यांची शुगर फार खाली गेली होती. हे वाचले. पण मी मात्र रात्ररात्र जागी. इतकी वर्षं या गावात राहून मला एवढंही कळू नये?

मोठ्या बाईमाणसाने अरबी शिकायचं कुठे, ते कुणाला सांगता येईना. जे क्लास होते ते शहरात, लांब, आणि मला गाडी येत नाही. शेवटी आमच्या इमारतीतच सोय झाली. वरच्या मजल्यावर एक सीरियन बाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका. इथे शिक्षिकेला 'अबला' म्हणतात; पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पार्लर चालवणारी माझी रत्नागिरीकडची शेजारीण आली. कुराणामुळे तिला लहानपणापासून अरबी अक्षरं वाचता यायची, पण अर्थ लागत नसे. समोरच्या बंगल्यातली आंध्रची स्वयंपाकीणही आली. तिला शुक्रवारी दुपारीच काय ती सुट्टी. बसायला जागा मोठी हवी, म्हणून तळघर.

यांना ते पटलं नव्हतं. "परवानगी नाही, काही नाही, आणि बायका जमवतेस. कुणी तक्रार केली तर? आपल्या सगळ्यांचा इकामा माझ्या नोकरीवर आहे. तो रद्द झाला तर देश सोडावा लागेल."

"अहो, बाराखडी शिकतोय आम्ही."

"ते तुला माहीत. बाहेरच्याला काय दिसतं?"

त्यानंतर जिन्यात पाऊल वाजलं, की आमचे आवाज आपोआप खाली यायचे.

एका शुक्रवारी ते पाऊल थांबलं नाही. इमारतीची मालकीण स्वतः खाली आली, मागे कसनुसा चेहरा केलेला वॉचमन. वयस्कर बाई, अंगावर पायघोळ काळा अबाया, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिने फळ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हे कुणी सुरू केलं?"

स्वयंपाकीण भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या मॅडमला हे माहीत नव्हतं. शेजारणीने माझा हात घट्ट धरला. "भाभी, तुम्ही गप बसा, मी बोलते," ती पुटपुटली. पण मी उठले.

"मी," मी अरबीत म्हणाले. "आम्ही शिकतो. भाषा. तुमची."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग जिन्याकडे बोट केलं. तिथे जुन्या गाद्या, मोडकी कपाटं रचलेली होती आणि बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. ती सावकाश, मला कळेल अशा बेताने बोलली, "आग लागली तर? कुठून निघाल?"

मला प्रत्येक शब्द कळला.

"आजपासून बंद," ती म्हणाली. आम्ही बाहेर पडलो आणि तिने कुलूप घातलं.

तक्रार कुठे गेली नाही. तरी कित्येक दिवस यांच्या फोनवर ऑफिसचा नंबर दिसला, की मी हातातलं काम टाकून यांच्याजवळ जाऊन उभी राहायचे. मग एका शुक्रवारी, मी काही न विचारता, यांनी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला.

"इथे बसा. पण हळू बोला."

अबला आल्या, शेजारीण आली. स्वयंपाकीण आली नाही. मॅडमने तिला कुणाच्याही घरी जायची मनाई केली होती. आम्ही वाचत होतो आणि हे दारापाशी उभे राहून जिन्याचा कानोसा घेत होते.