डाव्या खांद्याखालचा काप

बंदरावर त्यांना सगळे कात्रीवाले म्हणत. धंद्याने ते क्लिअरिंग एजंट. म्हणजे परदेशातून माल मागवायचा व्यापाऱ्याने, आणि तो सोडवण्यासाठी कस्टमच्या साहेबांपुढे ताटकळायचं ह्यांनी. ह्यांचा व्यापारी कपड्यांचा. त्या शेठकडे नमुन्यांची खोकी सारखी येत. नमुन्यावर कस्टमची ड्यूटी माफ असते. अट एवढीच की तो कपडा विकायच्या लायकीचा राहता कामा नये. म्हणून साहेबांच्या डोळ्यांदेखत त्याला कात्री लावायची. चांगल्या कपड्याचं वाटोळं केलं की सरकार खूश. कात्रीवाल्यांनी सरकारला खूश करण्यात उभा जन्म काढला.

काप कुठे मारायचा, हे मात्र ज्या त्या साहेबाच्या मर्जीवर. जाडे साहेब होते तेव्हा काप पाठीवर लागे. त्यांच्यामागून तपकीरवाले साहेब आले. त्यांचा सगळा जीव विजारीच्या बैठकीत. का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. हल्ली त्या खुर्चीवर एक बाई होत्या. त्यांचा हुकूम: काप समोर, डाव्या खांद्याखाली, चारचौघांत दिसेल असा.

मोसम सरला की शेठ ते नमुने टाकून देई. कात्रीवाले ते घरी आणत, बायको रफू करी, आणि सगळं घर परदेशी कपड्यांत हिंडे. त्यामुळे घरच्या फोटोंवर तारखा घालायची गरजच नव्हती. लेक शाळेच्या मैदानात पाठमोरी पळते आहे, पाठीवर रफू दिसतंय: जाडे साहेब. मेहुण्याबरोबरच्या सहलीत कात्रीवाले एकाही फोटोत पाठ फिरवत नाहीत, सगळीकडे भिंतीला टेकून उभे: तपकीरवाले साहेब.

शाळेत मुलं लेकीला ठिगळी म्हणत. ती मोठी झाली, कमावती झाली, स्वतःचे कपडे स्वतः घेऊ लागली. पण लग्न ठरलं त्या दिवशी तिने बापाला समोर बसवलं.

"बाबा, लग्नात मला तुमच्याकडून एक कपडा हवाय. बिनरफूचा. बाकी काही दिलं नाहीत तरी चालेल."

"बाकी काही देणारच नव्हतो."

"मी चेष्टा करत नाही."

तिचा चेहरा पाहिला आणि कात्रीवाल्यांना कळून चुकलं. ही पोरगी इतकी वर्षं हे मनात धरून बसली होती, आणि आपण घरभर मिरवत होतो की हिला परदेशी कपड्याशिवाय माहीतच नाही!

त्यांनी शेठच्या परदेशातल्या शिंप्याकडे मापं धाडली. मोरपंखी रेशमाचा पायघोळ पोशाख ठरला. तो नमुन्यांच्याच खोक्यात घालून आला, पण कात्रीवाल्यांनी त्याचा कागद वेगळा केला, ड्यूटी पुरती भरली आणि पावती बाईंच्या टेबलावर अशी ठेवली की जणू लग्नपत्रिकाच. लग्न दोन दिवसांवर आलं होतं.

"स्वतःच्या खिशातून?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"स्वतःच्या. एकुलती एक लेक आहे, बाई."

"बरं. नमुने उरका तेवढे."

बाईंच्या टेबलाला सुतळीने बांधलेली कात्री होती. मोकळी ठेवली तर कस्टममधूनही वस्तू पळतात. कात्रीवाल्यांनी ती उचलली आणि खोक्यातला एकेक कपडा ओढत बोलू लागले.

"खरं सांगतो बाई, आज पहिल्यांदा मान ताठ वाटतेय." कच्च. "लोक म्हणतात एजंट म्हणजे पळवाटा शोधणारा." कच्च. "पण लेकीच्या पोशाखाला मी बोट लावू देणार नाही कुणाला." कच्च.

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "कात्रीवाले."

"बोला की."

"पावतीवर मोरपंखीच लिहिलंय ना?"

कात्रीवाल्यांनी हातात पाहिलं. डाव्या खांद्याखाली, चारचौघांत दिसेल असा.

बाईंनी आपणहून पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्या खात्यात असं सहसा होत नाही.

घरी जाईपर्यंत त्यांनी एक थाप बेतून ठेवली. पोशाख लेकीच्या पुढ्यात ठेवून ते म्हणाले, "नवा साहेब आला होता गं. दांडगट. ऐकेचना."

लेकीने कापावरून बोट फिरवलं. काप तिरका होता आणि टोकाला किंचित वळलेला. दोरे पुढे उसवू नयेत, रफू करणारीला त्रास कमी व्हावा, म्हणून कात्रीवाले शेवटी मनगट जरासं वळवत. असा काप बंदरावर दुसरं कुणी मारत नसे.

"नव्या साहेबाला आईच्या रफूची फारच काळजी दिसते," लेक म्हणाली.

बायकोने सवयीने सुईदोऱ्याचा डबा काढला.

"अगं, असं रफू करते की देवालासुद्धा दिसायचं नाही."

"मला दिसेल." लेकीने डबा मिटून टाकला. डोळे भरले होते, पण आवाज थेट बाईंसारखा. "रफू नाही म्हणजे नाही."

"मग असंच भोक मिरवणार आहेस का?" आई चिडली. "आणि तुम्ही! आयुष्यात एकदा ड्यूटी भरलीत, तीही वाया घालवलीत!"

लेक पोशाख अंगाला लावून आरशापुढे उभी राहिली. मग वळून म्हणाली, "बाबा, कात्री आणा."

"आता कशाला?"

"उजवीकडे अस्साच मारा. वळणासकट. आई, तू आतून तुझ्या सोनेरी ब्लाउजचं कापड लाव."

हजारो कपडे बोलता बोलता फाडणारा माणूस त्या एका कापापुढे अडला. दोनदा कात्री खाली ठेवली. लेक म्हणाली, "हं, मारा. ह्या वेळी मी सांगतेय." तेव्हा कुठे पातं पुढे सरकलं.

लग्नात ती आली तेव्हा दोन्ही खांद्यांखाली मोरपंखी रेशमातून सोनेरी रेघ चमकत होती. शेठ कात्रीवाल्यांच्या कानाशी लागला, "हा नमुना माझ्या खोक्यात कधी आला? मला दाखवला नाहीत?"

"तुम्हाला परवडला नसता," कात्रीवाले म्हणाले.

बाईही आल्या होत्या. पाकीट देताना त्या नवरीजवळ वाकल्या. "डावीकडचा काप माझ्या हुकुमाचा. उजवीकडचा कुणाच्या?"

"माझ्या," लेक म्हणाली.

बाईंनी मान डोलावली, हुकूम मान्य असल्यासारखी.

कात्रीवाले अजून बंदरावर जातात. कात्री अजून सुतळीलाच आहे. फक्त आता ते कपडा हातात घेतला की बोलायचं थांबतात, आणि बाई प्रत्येक खोक्याला न चुकता विचारतात, "बघा हो, घरचं काही नाही ना ह्यात?"