राखलेलं पान

पंगतीत रिकाम्या पानापुढे रुमाल दिसला, की मी थबकते. माणूस यायचा आहे, एवढंच तो रुमाल सांगत असतो.

माझे आप्पा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. वाजवणाऱ्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं, ही आमच्याकडची रीत. वरात त्यांच्याशिवाय हलत नाही, पान मात्र सगळ्यांनंतर. समाजशास्त्र घेऊन मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिलीच. ‘भूमिका’ आणि ‘दर्जा’ या धड्यांसाठी मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

परवा मैत्रिणीच्या लग्नात वाजवायला आप्पाच होते. मी पहिल्या पंगतीत बसले आणि शेजारच्या पानापुढे रुमाल टाकला.

वाढणाऱ्या काकांनी विचारलं, “कोण यायचंय गं?”

“माझे वडील.”

मी हाक मारली. मांडवाच्या खांबापाशी उभे असलेले आप्पा कसनुसे हसले. “खुळी का काय तू? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. तुम्ही बसल्याशिवाय मी घास घेणार नाही.”

शेवटी ते आले. गणवेशाची टोपी मांडीवर ठेवून अंग चोरून बसले. काकांनी क्षणभर पाहिलं आणि वरण वाढलं. पण प्रत्येक घासाला आप्पांची नजर खांबाकडे जात होती. तिथे त्यांचे ढोलवाले, झांजवाले उभे होते.

पुढच्या लग्नाला मी रुमाल भरपूर नेणार आहे.