वरवंट्याची गोधडी

बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला धुतात, हळदकुंकू लावतात, टोपरं घालतात आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याखालून देतात. मग खऱ्या बाळाची पाळी. आमच्या मुरुडच्या घरात आजवर वरवंट्याचं एका टॉवेलात भागत होतं. नातवाच्या बारशाला मात्र मी त्याच्यासाठी वीतभर गोधडी शिवली. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे मी माझ्या पदरचं घालते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मोबाइलवर बघून बघून गोधड्या शिवते. माझा धावदोरा मशीनसारखा पडतो असं लोक म्हणतात, आणि कुणी म्हणायला विसरलं तर मी आठवण करून देते.

बाळासाठी मोठी गोधडी करायला घेतली तेव्हा सुनेच्या आईने एक पिशवी पाठवली. विहीणबाई पेणच्या खाडीकडच्या. घरची मिठागरं होती, आता मुलगे ट्रक चालवतात. पिशवीत त्यांच्या आईचं लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, विटक्या लाल रंगाचं, हिरव्या काठाचं. फोनवर म्हणाल्या, "माजे आयचा लुगरा हाय. पोराचे अंगाला लागूं दे, बस." तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत, वडीलधाऱ्यांच्या जुन्या लुगड्यात घेतात, ही आमचीही रीत. मी म्हटलं, "हो हो, लावते ना."

आणि लावलं नाही. माझी गोधडी सासूबाईंच्या फिक्या वायलच्या साड्यांची, पोपटी आणि दुधी. त्यात तो लाल रंग शोभत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बारशाला सगळ्या आळीतल्या बायका येणार होत्या आणि त्यांच्यासमोर पाळण्यात मला मिठागरावरचं लुगडं दिसायला नको होतं. हे लिहितानाही कान तापतात.

एक तुकडा मात्र मी वरवंट्याच्या गोधडीत वापरला. मनात म्हटलं, झालं, शब्द पाळला. मधोमध हिरव्या काठाचा चौकोन, भोवती चिटुकले तुकडे, आत जुन्या पंचाचा थर. बारीक टाक्यांनी सगळं टिपलं आणि कडेने गोट फिरवला. एवढ्याशा गोधडीला गोट लावणं मोठीपेक्षा कठीण. कोपऱ्यावर कापड गोळा होतं, ते नखाने दाबून धरावं लागतं. माझ्या हातची सगळ्यात देखणी गोधडी तीच झाली. उरलेलं लुगडं चिंध्यांच्या बोचक्यात कोंबलं.

बारशाला वरवंटा या हातातून त्या हातात जात विहीणबाईंकडे आला. त्यांनी हिरवा काठ ओळखला. त्यावरून अंगठा फिरवला, पाळण्यातल्या पोपटी गोधडीकडे पाहिलं, आणि "कुणी गोपाळ घ्या" म्हणत वरवंटा पुढे दिला.

पाळणे म्हणून झाले. वरवंटा गोधडीसकट स्वयंपाकघरात परत आला. चुलीवरच्या घुगऱ्या उतू जायला लागल्या होत्या. मी घाईत हाताला लागलं ते कापड उचललं, पातेलं धरलं आणि खाली उतरवलं. ते कापड म्हणजे ती छोटी गोधडी होती. हिरव्या काठावर पिवळा ओला डाग पसरला. मान वर केली तर दारात विहीणबाई.

"आयचा लुगरा यवराच लागला काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे हो! बाकीचं सगळं मोठ्या गोधडीच्या आत घातलंय. बाळाच्या अंगाखाली तेच आहे."

खोटं बोलताना माणूस अडखळतं म्हणतात. मी धावदोरा घालावा तशी सरळ बोलून गेले.

"मंग बरा," त्या म्हणाल्या.

आवराआवरीत ती छोटी गोधडी कुठे गेली कळलं नाही. मी शोधलीही नाही. सुटले, असंच वाटलं.

बाळ आजोळी परत गेलं. व्हिडिओ कॉलवर विहीणबाई त्याला गोधडीवर निजवून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पनजीचे कुशीत निजलाय माजा राजा." मला ते ऐकवत नसे. "नेटवर्क नाहीये हो," म्हणून मी फोन बंद करायची.

गेल्या महिन्यात सून बाळाला घेऊन राहायला आली. मी ठरवलं, आता तरी खोट्याचं खरं करून टाकू. तिला म्हटलं, "गोट सैल झालाय, आण, नीट करून देते." दुपारी बाळ आत झोपलं होतं. बोचक्यातलं लुगडं काढून मी मागल्या पडवीत बसले. गोधडीचा एक कोपरा जाड लागत होता. धुण्यात आतलं कापड गोळा झालं असेल म्हणून तिथूनच उसवायला घेतलं, तर टाके माझे नव्हते. लांब, जाड दोऱ्याचे, पण घट्ट.

आत ती वीतभर गोधडी होती. डाग घासघासून फिकट केलेला. हिरवा काठ बाळाच्या अंगाच्या बाजूला करून सपाट टाचलेली.

म्हणजे बारशातून ती विहीणबाईंनीच नेली होती. घरी मोठीचा गोट उसवून पाहिलं होतं. आत काही सापडलं नव्हतं. मग त्यांच्याकडे जेवढं होतं तेवढं आत घातलं आणि परत शिवून टाकलं. तरीही इतके दिवस त्या फोनवर मला "पनजीचे कुशीत" म्हणत होत्या. मला लाज वाटली, इतकी की सुई खाली ठेवावी लागली.

तेवढ्यात सून फोन घेऊन बाहेर आली. "आईचा आहे, तुमच्याशीच बोलायचंय म्हणते."

"विहीनबाय, जेवलाव काय?" पडद्यावर त्या हसत होत्या. "पोर निजला काय गोधरीवं?"

उसवलेली गोधडी माझ्या मांडीवर होती. नेटवर्क अगदी स्वच्छ होतं.