शिरीनबाईंच्या तबकडीतली हाक

कुशाबा उतेकराला पियानो हा शब्द मरेपर्यंत नीट म्हणता आला नाही. तो 'पियानू' म्हणायचा. कुणी हसलं की त्यालाच विचारायचा, "तू किती उचललेस रे? मी दोनशेच्या वर उचललेत." पोलादपूरच्या अख्ख्या खोऱ्यात दुसऱ्या कुणी पियानो डोळ्यांनीसुद्धा पाहिलेला नव्हता.

उमरठच्या वाटेवर त्याची वाडी. उतारावर नाचणी आणि वरी पिकायची, आणि घरटी एक माणूस मुंबईला असायचा. बाकीचे गिरणीत नाहीतर गोदीत, कुशाबा मात्र फोर्टातल्या एका विलायती वाद्यांच्या दुकानात हमाल होता. साहेबलोकांच्या आणि पारशांच्या बंगल्यांत पियानो पोचवायचे, तीन-तीन जिने चढवायचे, आणि कुठे ओरखडा येऊ द्यायचा नाही, एवढंच काम. त्यात तो इतका तरबेज की त्याची टोळी असली तर मुकादम बरोबर जायचासुद्धा नाही.

हे कसब त्याला दुकानानं शिकवलेलं नव्हतं हो. ते वाडीतल्या काळकाईच्या पालखीचं होतं. पालखीला चार भोई, दोन पुढे, दोन मागे. पुढचा मान उतेकरांचा, मागचा गोमाजी सकपाळाच्या घराचा. शिमग्यात पालखी दारोदार फिरते, डोंगरातल्या वाटा चढते-उतरते, आणि चालता चालता खांदा दुखायला लागला म्हणून देवीला खाली टेकवायची सोय नाही. मग पुढचा भोई पोटातून एक हाक देतो, "ह्योऽप". ओरडायचं नाही, दबकीच द्यायची. ती आली की त्याच पावलावर चौघांनी दांडा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा, आणि आतली देवी तसूभर हलता कामा नये. हाक मध्येच दिली तर पाऊल चुकतं, उशिरा दिली तर मागच्याचा खांदा मोडतो. कुशाबाची हाक कधी चुकली नाही. मुंबईत त्यानं हीच हाक हमालांना शिकवली होती, आणि पियानो तिच्यावर जिने चढत होते.

अशात १९३३ सालच्या भादव्यात दुकानाचा मोठा पियानो ग्रामोफोनच्या तबकड्या काढायला एका हॉलमध्ये न्यायचा होता. वाजवणार होत्या शिरीनबाई, तिशीतल्या पारशीण, विलायतेत शिकून आलेल्या. दोन बाजू भरायच्या होत्या. एक शंभर वर्षांमागच्या, विरहानं झुरणाऱ्या कुणा माणसानं रचलेली, आणि दुसरी एकदम आजची, जिचा रचणारा तिकडे अजून जिवंत होता अशी. हे कुशाबाला बाईंनीच सांगितलं, तेही तो पियानोखाली उताणा पडलेला असताना.

उताणा का, तर पियानोच्या पायपट्ट्यांचा सांगाडा वाटेत ढिला झाला होता. बाईंनी पायानं पट्टी दाबली की तो कुरकुरायचा, आणि माणसानं श्वास जोरात घेतला तरी ते तबकडी कोरणारं यंत्र पकडतं म्हणे. मिस्त्री संध्याकाळपर्यंत मिळेना. मग गोऱ्या यंत्रवाल्यानं कुशाबाला खाली घातलं: दोन्ही हातांनी सांगाडा दाबून धर, लाल दिवा लागला की खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मेल्यासारखं पडायचं.

आणि त्या पठ्ठ्यानं तिथं काय ऐकलं म्हणता! दोनशे पियानो वाहिले, पण वाजताना आतून एकही ऐकला नव्हता. वर लाकडाचं छप्पर, आणि त्यातून सगळं अंगावर. डाव्या हाताचे सूर एका चालीत पावलं टाकत होते, भोयांसारखे, आणि त्यांच्यावर उजव्या हातातलं गाणं तरंगत होतं, तोल न जाता. पहिली मेणाची तबकडी कोरून झाली. बाई म्हणाल्या, नाही जमलं, पुन्हा. दुसऱ्यांदा लाल दिवा लागला. आता कुशाबाला वाट ओळखीची झाली होती. पुढं चढ आहे, चढ संपला की गाणं उजव्या हातातून डाव्या हातात जातं, हे त्याला कळलं होतं. चढ सुरू झाला. बाईंचा उजवा हात दमत आला, गाणं जड झालं, आता खांदा बदलायलाच हवा, आणि बरोब्बर त्या पावलाला कुशाबाच्या पोटातून निघून गेलं, "ह्योऽप".

निघालं ते निघालं. बाई थांबल्या नाहीत, शेवटपर्यंत वाजवत गेल्या. कुशाबाच्या कानांत मात्र भीतीनं नुसता घणघणाट झाला, पुढचं त्याला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. लाल दिवा विझल्यावर यंत्रवाल्यानं त्याला पाय धरून बाहेर ओढलं. दुकानाच्या मॅनेजरनं तिथल्या तिथं कामावरून काढलं. बाई काहीतरी बोलत होत्या, पण इंग्रजीत. सांगाडा धरायला दुसरा हमाल खाली गेला, आणि तिसरी तबकडी लागली तेव्हा कुशाबा रस्त्यावर होता.

बोटीनं दासगाव, तिथून महाड, पुढं पोलादपूर, असा तो दसऱ्याच्या आत वाडीत हजर झाला. बायकोनं, मैनानं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हाक बरोबर पावलाला दिलीत ना?" तो म्हणाला, "बरोबर." मग तिनं भाकरी वाढली.

मैनाचं मिटलं, वाडीचं मिटेना. गोमाजी सकपाळ वाडीचा गावकर, शब्दाला वजन असलेला माणूस, आणि डोक्यानं थोडा ताठ. तो पारावर म्हणाला, "मुंबैत वरडला म्हणून कोनाला काडतात? सगली मुंबै वरडते. ह्यानं कायतरी उचललान." आता दोनशे पियानो उचललेला माणूस काय उचलणार, तुम्हीच सांगा. पण एकदा तोंडातून गेलेली गोष्ट थांबते थोडीच? दिवाळीपर्यंत ती पियानोची हस्तिदंताची पट्टी झाली, संक्रांतीला चांदीचा दिवा झाला. माघात गावकी बसली आणि ठरलं, चोरीचा आळ फिटल्याशिवाय कुशाबानं काळकाईच्या पालखीला खांदा लावायचा नाही.

कुशाबाचं काळीज फाटलं. नोकरी गेली तेव्हा तो रडला नव्हता, आता रडला. बापाचा, आज्याचा खांदा होता तो. पुरावा म्हणून जगात एकच वस्तू होती: ती तबकडी. पण बाईंनी तीन काढल्या होत्या, बाजारात येणार एक. त्याची हाक होती मधलीत. पहिली किंवा तिसरी आली असेल तर कुशाबा खोटा ठरणार, आणि तो शहाणा माणूस होता, त्याला माहीत होतं की हमाल ओरडलेली तबकडी कुणी विकायला काढत नाही. तरी तो महाडला गेला.

महाडात रऊफशेठ होते. महाड ते पोलादपूर त्यांची मोटार चालायची, आणि बाजारपेठेत पहिला ग्रामोफोन त्यांनीच आणला होता. सामान आणायला त्यांची मुंबईची खेप व्हायची. कुशाबानं त्यांना सगळी हकीकत सांगितली. शेठ हसले नाहीत. म्हणाले, "शिरीनबाईंची प्लेट ना? आली असेल तर घेऊन येतो. पण कुशाबा, मी आधी वाजवून बघणार नाही. तुझ्या वाडीत, सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाजेल. नंतर कुणी म्हणायला नको की रऊफनं काही करामत केली."

शिमग्याला आठ दिवस उरले असताना मोटार पोलादपुरात लागली. तबकडी आली होती! कुशाबानं ग्रामोफोन डोक्यावर घेतला, कर्णा शेठनी स्वतः धरला, आणि निघाली वरात. वाटेतल्या प्रत्येक वाडीतून माणसं मागं लागली. बायांनी भाकऱ्या बांधून घेतल्या. काळकाईच्या देवळापुढं पोचेपर्यंत दीडशे माणूस जमलं होतं आणि सूर्य माथ्यावर होता. चार भोयांना मानानं पुढं चौथऱ्यावर बसवलं. चार म्हणजे गोमाजी, त्याचा जोडीदार मुरारी, पुढचा दुसरा भोई चांगू, आणि कुशाबाच्या जागी यंदा लावलेला गोमाजीचा पुतण्या. कुशाबा खाली, ग्रामोफोनपाशी.

शेठनी चावी भरली, नवी सुई लावली, तबकडी ठेवली. खरखर झाली, आणि सूर आले. पण हे काय? एक इथं, एक तिथं, मध्येच दोन एकमेकांवर आपटल्यासारखे. चाल नाही, पाऊल नाही. पत्र्यावर चिंचोके सांडावेत तसं काहीतरी. म्हातारी बनुबाई म्हणाली, "बिगाडलीय गो प्लेट." लोक फिसफिसले. कुशाबानं कान कर्ण्याला लावला. हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"झाली का हाक?" गोमाजीनं विचारलं. "का अजून यायचीय मुंबैस्न?"

सगळे हसले. मैना तेवढी हसली नाही. कुशाबा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, ही ती नाय. ही आजच्या मानसाची असंल, मला हाकलल्यावर वाजवलेली. दुसरी बाजू लावा."

शेठनी तबकडी उलटली, पुन्हा चावी, पुन्हा सुई. खरखर. आणि डाव्या हाताची पावलं सुरू झाली. हीच, हीच ती! कुशाबा पुन्हा ग्रामोफोनपाशी बसला. गर्दी हळूहळू गप्प झाली. बनुबाईनंसुद्धा मान डोलवायला सुरुवात केली. पावलं चालत होती, वर गाणं होतं, पुढं चढ लागला. कुशाबाच्या मनात एकच चाललं होतं. पहिली असेल? तिसरी असेल? चढ संपत आला, गाणं जड झालं, उजवा हात दमला.

"ह्योऽप".

लांबून, खालून, विहिरीत बोलल्यासारखी. पण स्वच्छ.

आणि चौथऱ्यावर काय झालं ते सगळ्या वाडीनं उन्हात, उघड्या डोळ्यांनी पाहिलं. गोमाजीचा उजवा खांदा झटकन पडला आणि डावा वर आला. मुरारीचा पडला. चांगूचा पडला. दांडा नाही, पालखी नाही, तिघं नुसते बसलेले, पण खांदे बदलले. बसला होता तसा एकटा पुतण्या राहिला. त्याच्या खांद्याला ती हाक ठाऊकच नव्हती.

मग जो गलका झाला तो पोलादपुरात ऐकू गेला असेल. तबकडी वाजतच होती, ती कोण ऐकतो? बायकांनी मैनाला गराडा घातला. गोमाजी आपल्या खांद्याकडं असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. माणूस ताठ होता, पण लबाड नव्हता. तो उठला, चौथऱ्यावरून उतरला आणि कुशाबासमोर उभा राहून म्हणाला, "चुकलं माजं." त्याच्या तोंडून हे शब्द निघालेले वाडीनं आयुष्यात ऐकले नव्हते.

कुशाबाचं मात्र लक्ष नव्हतं. तो शेठना विचारत होता, "शेठ, तीन काढल्या होत्या. मग हीच कशी?"

शेठ म्हणाले, "अरे, प्लेटवाले सांगतात, तिन्हींचे नमुने बाईंकडे जातात. त्या ऐकतात आणि सगळ्यात चांगली असेल ती ठेवतात. यंत्रवाल्याला नको असेल, दुकानाला नको असेल. पण बाईंनी तुझीच निवडली."

कुशाबानं कर्णा आपल्याकडं वळवला. मग म्हणाला, "परत लावा. त्या दिवशी मला पुढचं ऐकूच आलं नवतं."

शेठनी परत लावली. या वेळी कुणी खोकलंसुद्धा नाही. पावलं आली, चढ आला, हाक आली. आणि हाकेच्या त्याच पावलावर बाईंनी गाणं उजव्या हातातून काढून डाव्यात घेतलं, अलगद, जड असूनही हलकं, आणि चाल कुठंही न लचकता पुढं गेली. कुशाबा ते पहिल्यांदा ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

सुई शेवटाला येऊन खरखरायला लागली. गोमाजीनं डोळे उघडले. आयुष्यभर त्यानं मागचा दांडा वाहिला होता, पुढच्याच्या हाकेवर भार घेणं म्हणजे काय ते त्या गर्दीत त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"कुशाबा," तो म्हणाला, "बायनं खांदा काय बरोबर घेतलान रे."