डाव्या हाताच्या बांगड्या

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्णाचा सांधा हातात घेऊन तो किती ताठ आहे याचा अंदाज बांधायचा, हे माझं रोजचं काम. आधी हळू वाकवायचा, मग झटकन. हळू नेला की सुटतो आणि झटक्याला मध्येच अडतो, तेव्हा सांधा बरा असतो. अडवणारा स्नायू असतो. परक्यांच्या हातांचं हे मी शांतपणे सांगते. आईच्या हाताचं सांगताना मात्र माझी नुसती चिडचिड व्हायची.

लकवा मारला तेव्हापासून तिच्या डाव्या हाताची मूठ वळलेली. पडून असताना बोटं थोडी उघडत. उठून दोन पावलं टाकली की पुन्हा घट्ट. गावाकडे, एकोडीला घरी आले की मी तो हात घेऊन बसायचे. "काहून ओढून राहिली व? हात आहे, दोरी नोहे," ती म्हणायची. बाबा शेतावरून आले की पाय धुण्याआधी विचारायचे, "सुटला का व हात?" मी म्हणायचे, "सुटेल."

आईला एवढंच हवं होतं: माझ्या भावाच्या लग्नात दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. मी शब्द देऊन बसले होते. मांडवात बांगडीवालीनं हात धरला आणि चारचौघींसमोर आईची मूठ आपोआप अशी आवळली गेली की दोन बांगड्या तडकल्या. "वाढल्या," कुणीतरी घाईनं म्हणालं. फुटल्या म्हणायचं नसतं. आईनं हात पदराखाली घेतला. "राहू दे व माय, एका हातानं नांदीन," म्हणाली आणि हसली. मला रडू आवरलं नाही.

धान कापणीला आलं तेव्हा ती गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी लगेच न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं. काकूनं बांगड्या माझ्यापुढे धरल्या. "तूच भर. तुले तिचा हात समजते."

सवयीनं मी मनगट आधी हळू वाकवलं. मग झटकन. कुठेच अडलं नाही. बोटं उघडली आणि बांगड्या सरसर मनगटापर्यंत गेल्या, एकही वाढली नाही. असं होतं हे मला ठाऊक होतं; अडवायला स्नायूत जीव लागतो. तरी मी तो हात धरून बसले, एकदा तरी आवळेल म्हणून.

बाबा दारात उभे होते. त्यांच्या तोंडून सवयीनंच निघालं, "सुटला का व हात?"

"सुटला, बाबा."